मुंगीआत्या आणि रक्तातलं लोखंड

माझ्या आत्याला अख्खं रुग्णालय ‘मुंगी’ म्हणायचं. रक्त द्यायला बसलेल्या माणसाला सुई टोचण्याआधी ती एकच वाक्य सांगायची, “मुंगी चावेल, तेवढंच.” आणि खरंच तेवढंच व्हायचं. एकतीस वर्षं तिने तळमजल्यावरच्या खोलीत लोकांचं रक्त काढलं. खोली तरी केवढी! रुंद हातांची एक खुर्ची, पडद्याआड एक कॉट, ट्यूबांचा रॅक, हात धुवायचं बेसिन आणि भिंतीवर आत्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून लावलेला कागद: ‘चक्कर येत असेल तर आधी सांगा. नंतर सांगता येत नाही.’

ज्यांच्या शिरा दडून बसायच्या त्यांच्यासाठी वरच्या मजल्यांवरून तिला बोलावणं यायचं. ती रबरी पट्टा बांधायची, डोळे मिटायची आणि तर्जनीचं टोक कातडीवरून सावकाश फिरवायची. नव्याने कामाला लागलेल्या मुलींना सांगायची, “डोळ्यांना काय कळतंय? बोटाला विचारा.”

तिच्या त्या खुर्चीत एकच माणूस कधी बसला नव्हता. तिचा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे माझे बाबा. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. एरवी शांत, धीराचा माणूस. पण सुईचं नाव काढलं की चेहरा पांढराफटक. लहानपणी मला लस टोचायला नेलं तेव्हा मी रडले नाही, बाबाच बाकावर आडवे झाले. आई हसून सांगायची, “बहीण रक्त काढणारी आणि भाऊ सुई बघून झोपणारा. देवाने जोडी तरी काय जमवलीय!”

मी बाविशीत असताना बाबा थकायला लागले. दुपारी चार वाजले की काउंटरवर डोकं टेकून डुलकी. दोन्ही हातांच्या पहिल्या दोन बोटांची मुळं दुखायची. चष्म्याच्या काडीचा तो तिळाएवढा स्क्रू बसवताना हातातून निसटायचा आणि मग आम्ही तिघंही फरशीवर रांगत तो शोधायचो. आत्या मागेच लागली.

“दादा, एकदा रक्त तपासू या.”

“सुई सोडून काय ते बोल.”

“अरे, मी घेईन ना. मी काय परकी आहे?”

“तू परकी नाहीस गं. सुई परकी आहे.”

तीन-चार महिने हेच चाललं. शेवटी आत्याने हात टेकले आणि लोहाच्या टॉनिकची काळी बाटली आणून दिली. आमच्या घरात थकवा म्हणजे रक्त कमी आणि रक्त कमी म्हणजे लोखंड हवं, हे गणित आजीच्या वेळेपासून पाठ होतं. बाटली संपायच्या आत दुसरी यायची. अशी दोन वर्षं गेली. थकवा काही हटेना, पण बाबांच्या कांतीवर एक तांबूस, उन्हात रापल्यासारखी छटा आली. गिऱ्हाइकं विचारायची, “काय, समुद्रावर जाऊन आलात वाटतं?” आत्या खूश व्हायची. “बघ दादा, टॉनिक मानवलं तुला.”

मग त्याच वर्षी आत्याला आंघोळीच्या वेळी डाव्या स्तनात गाठ लागली. वाटाण्याएवढी. ती तेव्हा चौपन्न वर्षांची होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आमच्या समोरच्या इमारतीत दोन खोल्यांत एकटी राहायची, पण जेवायला रोज आमच्याकडे. त्या दिवशी जेवताना तिने पोळी मोडता मोडता सांगितलं, “उद्या मला जरा उशीर होईल. गाठ दाखवायचीय.” जसं काही चप्पल दुरुस्तीला टाकायचीय.

गाठ वाईट निघाली. शस्त्रक्रिया ठरली, काखेतल्या गाठीही काढायच्या होत्या. दाखल होण्याच्या दिवशी एक बाई तिच्याजवळ कागद घेऊन आल्या. त्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर होत्या. शरीरात लोखंड किती घ्यायचं, कुठे साठवायचं हे ज्या जनुकांच्या हाती असतं त्यांतले काही बदल पिढीजात चालत येतात. त्या बदलांचा स्तनांच्या कर्करोगाशी काही संबंध आहे का, हे त्या शोधत होत्या. त्यासाठी आजारी बायकांचं आणि निरोगी बायकांचंही थोडंथोडं रक्त त्यांना हवं होतं.

आत्याने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. “जांभळ्या झाकणाची ट्यूब लागेल,” ती म्हणाली.

“हो. तुम्हाला कसं...”

“आयुष्य गेलंय त्यात.” आणि सही करताना शेवटच्या चौकटीतही खूण केली. तिथे लिहिलं होतं, ‘माझ्या तब्येतीच्या कामाचं काही आढळल्यास मला कळवावं.’

शस्त्रक्रिया नीट झाली. पुढे सहा महिने सलाइनमधून औषधं. त्या खोलीत आरामखुर्च्यांची रांग होती आणि प्रत्येकीच्या हाताला सुई. बाबांना तिथे पाऊल टाकवेना. पण आले नाहीत असा एकही दिवस गेला नाही. शेवटी त्यांनी तोडगा काढला. आत्याच्या खुर्चीच्या मागे स्टूल ठेवायचं आणि तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचं. पाठीला पाठ लावून दोघं तीन-तीन तास बोलायची. बाबा मांडीवर रुमाल पसरून चष्म्याच्या चौकटी पुसत बसायचे. आत्याला मळमळायला लागलं की ती गप्प व्हायची, मग बाबा एकटेच बोलायचे. कुठल्या गिऱ्हाइकाने कपाळावर चष्मा ठेवून घरभर शोधला, कोण नवऱ्याचा चष्मा घालून बाजारात गेली, असलं काहीबाही. बाकीच्या बायकाही कान देऊन ऐकायच्या. एकदा बाबा आले नाहीत असं वाटून एक आजी विचारत्या झाल्या, “ते पाठमोरे दादा कुठेत आज?”

केस परत आले. वजन परत आलं. बोटं मात्र परत आली नाहीत. औषधांनी आत्याच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. कपाची गरमी कळायची नाही, नाणं की बटण ते खिशात हात घालून सांगता यायचं नाही. ती कामावर रुजू झाली, पण नोंदणीच्या खिडकीत. नाव, वय, कोणती तपासणी, पुढचं. तळमजल्यावरच्या तिच्या खुर्चीशेजारी आता तिनेच शिकवून तयार केलेली एक धाकटी ताई उभी राहायची. आत्याने तक्रारीचा शब्द काढला नाही. पण संध्याकाळी मी तिच्याकडे गेले की टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. त्याच्या एका पानाखाली ती शिवणाचा दोरा ठेवायची आणि डोळे मिटून बोटाने तो शोधायची. सापडेना. दोरा जाड करायची, सुतळी घ्यायची. सुतळी सापडली की पुन्हा दोरा.

“आत्या, डॉक्टर म्हणाले होते ना, हळूहळू येईल.”

“म्हणजे मी तोवर हातावर हात ठेवून बसू? तर्जनी मेलीच आहे. ही करंगळीशेजारची जरा शहाणी वाटतेय.”

असं वर्षभर गेलं आणि जनुकांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी आत्याबरोबर गेले. बाईंची खोली फायलींनी भरलेली होती, आम्हाला बसायला त्यांनी दोन खुर्च्यांवरचे गठ्ठे उचलले.

“प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात,” त्या म्हणाल्या. “एक आईकडची, एक वडिलांकडची. तुमच्या एका जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच चूक आहे. आतड्याच्या दारावर जो पहारेकरी असतो ना, लोखंड पुरे झालं की दार लावणारा, त्याला तुमच्याकडे ‘पुरे’ हा शब्दच ऐकू येत नाही. जेवणातलं लोखंड आत येतच राहतं. आणि शरीराला ते बाहेर टाकायची सोय नाही. मग ते साठतं. यकृतात, सांध्यांत, हृदयात.”

आत्याने विचारलं, “आणि माझा कर्करोग? यामुळेच झाला?”

“हेच तर शोधतोय. काही अभ्यासांत असा बदल असलेल्या बायकांत प्रमाण थोडं जास्त दिसलं. काहींत काहीच फरक दिसला नाही. आज मी ‘हो’ म्हटलं तर ते खोटं ठरेल. ‘नाही’ म्हटलं तरी खोटंच.”

“बरं झालं, सरळ सांगितलंत,” आत्या म्हणाली. तिला उगीच गोडगोड बोलणारे डॉक्टर आवडत नसत.

“पण एक गोष्ट नक्की सांगते. सख्ख्या भावंडांतही हे असण्याची शक्यता चारांत एक. तुम्हाला भावंडं आहेत?”

“एक भाऊ.”

“कसा आहे?”

आत्या बोलायला लागली आणि मध्येच थांबली. बाईच विचारत गेल्या. थकवा? बोटांची मुळं दुखतात? पहिली दोनच? त्वचेचा रंग? प्रत्येक प्रश्नाला आत्या नुसती मान हलवत होती. मीच म्हणाले, “ते तीन वर्षांहून जास्त काळ लोहाचं टॉनिक घेतायत.”

“कुणी दिलं?”

“मी,” आत्या म्हणाली.

तिथून ती तडक स्वतःच्या घरी आली. तिच्या फडताळात बाबांसाठी आणलेल्या दोन बाटल्या होत्या. त्या तिने मोरीत ओतल्या आणि वर पाणी सोडलं. मग तिथेच स्टुलावर बसली. गाठ निघाली तेव्हा न रडलेली माझी आत्या तेव्हा रडली.

“जन्मभर लोकांना दरडावत आले, तपासल्याशिवाय औषध घेऊ नका म्हणून. आणि घरात? भावाच्या लाडापायी डोळे मिटून बाटल्या आणल्या. आधीच साठलेलं, त्यात मी आणखी भर घातली.”

ती तशीच उठून दुकानात गेली. मीही मागोमाग. बाबा भिंगाने एक चौकट निरखत होते. आत्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, स्वतःला झुकतं माप दिलं नाही. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, “तरीच! गंजका खिळा चोखल्यासारखी चव होती. तू दिलंस म्हणून पीत होतो, नाहीतर कुंडीत ओतलं असतं.”

“हसू नको दादा. उद्या सकाळी ये. माझ्या जागी आहे ती ताई रक्त घेईल. चांगला हात आहे तिचा.”

“तू नाही घेणार?”

“माझी बोटं गेली आहेत. तुला ठाऊक आहे.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. “मग राहू दे. मी दुसऱ्या कुणाच्या हातात हात देणार नाही.”

“लहान आहेस का आता? मला शीर लागत नाही रे! दोन-तीनदा टोचावं लागलं तर?”

“टोच. तुझं टोचून होईपर्यंत मी डोळे मिटून पडतो.”

आई अजूनही म्हणते की तो नुसता भित्रेपणा होता, टाळायची एक युक्ती. मला तसं वाटत नाही. वर्तमानपत्राखालचा दोरा बाबांनीही पाहिला होता.

आत्याने आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत माझे, आईचे, शेजारणीचे, सगळ्यांचे हात चाचपून झाले. सुई नाही, नुसती शीर शोधायची आणि पेनाने खूण करायची. आम्ही सगळे निळ्या ठिपक्यांचे हात घेऊन हिंडत होतो. आठव्या दिवशी बाबा सकाळी उपाशीपोटी रुग्णालयात आले. धाकट्या ताईने त्यांना पडद्याआडच्या कॉटवर झोपवलं आणि स्वतः मुकाट्याने मागे उभी राहिली. आत्याने पट्टा बांधला. डोळे मिटले. करंगळीशेजारचं बोट बाबांच्या कोपराच्या खळगीत फिरायला लागलं. पुढे गेलं, मागे आलं, थांबलं, पुन्हा पुढे गेलं. बाबांचं बोलणं चालूच. “काल एक जण आला, म्हणतो, चष्मा घातला की बायको स्पष्ट दिसते, जरा कमी नंबरचा द्या...”

“दादा, हलू नको.”

“हललो कुठे? थरथरतोय.”

“मग थरथरू नको.” आणि तिने सुई घातली. ट्यूबमध्ये गडद लाल धार आली. एकाच टोचण्यात. तीन ट्यूब भरून झाल्यावर तिने कापूस दाबला. धाकटी ताई मागे डोळे पुसत होती. बाबा विजयी मुद्रेने उठून बसले, “एवढंच?” म्हणाले, रॅकमधल्या स्वतःच्या रक्ताकडे पाहिलं आणि धाडकन पुन्हा कॉटवर आडवे झाले.

शरीरातल्या लोखंडाचा साठा दाखवणारा आकडा तीनशेच्या आत हवा. बाबांचा दोन हजारांच्या वर निघाला. दोन्ही प्रतींत तीच चूक. यकृताला सूज होती, पण ते अजून निबर झालं नव्हतं. “आणखी काही वर्षं कळलं नसतं तर हाताबाहेर गेलं असतं,” डॉक्टर म्हणाले. उपाय ऐकून आईला हसू की रडू कळेना. दर आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचं, साठा उतरेपर्यंत. शरीर नवं रक्त बनवताना साठलेलं लोखंड वापरतं, दुसरा सोपा मार्ग नाही.

“म्हणजे, जे तू पाजलंस ते आता तूच काढणार,” बाबा म्हणाले.

“व्याजासकट,” आत्या म्हणाली.

पहिल्या तीन वेळा बाबांना चक्कर आली. चौथ्या वेळी आली नाही. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत ते खोलीत शिरताच स्वतः बाही वर करायला लागले. वर्षभराने तांबूस छटा गेली, दुपारची डुलकी गेली. बोटांची मुळं मात्र दुखायची ती दुखतच राहिली. सांध्यांचं नुकसान भरून येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग स्क्रू बसवायचं काम आईने शिकून घेतलं आणि दोन महिन्यांत बाबांच्या कामात चुका काढायला लागली.

आत्याच्याही पिशव्या काढाव्या लागल्या, पण थोड्या. बायकांचं लोखंड पाळीबरोबर दर महिन्याला वाहून जातं, ती थांबली की मग साठायला लागतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझीही तपासणी झाली. माझ्याकडे एक प्रत बाबांकडची, चुकीची; दुसरी आईकडची, धड. मी बाईंना विचारलं, “मला आत्यासारखं होईल?”

“एका प्रतीने सहसा लोखंड साठत नाही. राहिला प्रश्न स्तनांचा. आत्याला झालंय म्हणून तू वेळच्या वेळी तपासून घ्यायचंस. लोखंड असो वा नसो.”

मी दरवर्षी जाते. निकाल येईपर्यंतचे चार दिवस दर तासाला फोन बघते, पण जाते.

आत्याने नात्यातल्या एकेकाला फोन लावायचा सपाटा लावला. तिची एक चुलत बहीण भडकलीच. “आमच्या रक्तात खोट काढतेस?” आत्या म्हणाली, “खोट नाही गं, लोखंड काढतेय.” महिनाभर अबोला झाला. मग एका सकाळी ती बहीणच आपल्या दोन्ही मुलांना घेऊन नोंदणीच्या खिडकीसमोर हजर झाली. थोरल्याच्या दोन्ही प्रतींत चूक निघाली. वय सव्वीस, त्रास काहीच नाही. आता तो वर्षातून एकदा तपासून घेतो.

तीन वर्षांनी डॉक्टरीणबाईंचा अभ्यास पुरा झाला. आत्या निकाल ऐकायला इस्त्रीची साडी नेसून गेली. आजारी बायकांत तो बदल किंचित जास्त सापडला होता, पण आकडा इतका लहान की तो निव्वळ योगायोगही असू शकेल.

“म्हणजे काय समजायचं?” आत्याने विचारलं.

“म्हणजे अजून बायका हव्यात. खूप बायका.”

“किती?”

“हजारोंनी.”

आत्याने तिथल्या तिथे पर्स उघडून आपल्या कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक काढलं. पुढच्या टप्प्याचं रक्त गोळा करायचं काम तिने मागून घेतलं. तोवर बोटांत पुष्कळसा जीव परत आला होता. तर्जनी पहिल्यासारखी झाली नाही, पण दुसरं बोट तिच्या जागी तयार झालं होतं. ज्या बायका घाबरून सही करत नसत त्यांच्याशी ती तासभर बोलायची. आपलं कापलेलं अंगही दाखवायची. कुणी विचारलं, यातून मला काय मिळणार, तर स्पष्ट सांगायची, “कदाचित काहीच नाही. पण माझं रक्त तपासता तपासता माझ्या भावाचं दुखणं सापडलं.”

एकदा मी तिला विचारलं होतं, “तुला का झालं ते कधीच कळलं नाही तर? सल राहत नाही?”

“राहते ना,” ती म्हणाली. “सकाळी दात घासताना राहते. मग कामाला जाते.”

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी धाकट्या ताईने भाषण लिहून आणलं होतं. पहिल्याच ओळीनंतर तिने कागद बाबांच्या हातात दिला आणि पुढचं त्यांनी वाचलं. अभ्यास अजून चालू आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आत्या तिथे जाते, दुपारी आमच्याकडे जेवायला येते आणि आज किती जणी आल्या ते सांगते. परवाच्या शुक्रवारी अकरा आल्या होत्या. त्यांतली एक आपल्या सासूलाही समजावून घेऊन आली होती, म्हणून आत्याने त्या दिवशी अर्धी पोळी जास्त खाल्ली.